औषध घेतलं म्हणजे काय?

बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात औषधाची दुकानं दोन तऱ्हेची. एक माझ्यासारख्याचं मेडिकल, दुसरं खत-बियाण्याचं. भातावर फवारतात तेही औषध आणि तापावर गिळतात तेही औषध. बोलण्यात शब्द एकच. तरी काउंटरमागच्या तीस वर्षांत या शब्दावरून कुणा माणसाचा गैरसमज झालेला मी पाहिला नाही. रात्री अकराला शटर वाजवून एखादं पोरगं म्हणतं, “काका, दादानं औषध घेटलंय,” तेव्हा त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत माझा हात गाडीच्या किल्लीकडे गेलेला असतो. कुठलं, कधी, डबा सोबत घे, बाकीचं वाटेत.

हेच शब्द गेल्या महिन्यात मी एका मशीनला सांगून पाहिले. मुलगी बेळगावात शिकते, तिथल्या कॉलेजच्या पालक समितीत मी आहे. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी आपोआप बोलणारं एक ॲप घ्यावं असा प्रस्ताव आला होता. दाखवायला आलेल्या तरुणानं आपला फोन टेबलाभोवती फिरवला. माझ्याकडे आला तेव्हा मी लिहिलं, ‘घरात भांडण झालं. औषध घेतलं.’ उत्तर आलं की भांडणं सगळ्याच घरांत होतात, आणि औषध वेळेवर घेणं ही स्वतःची काळजी घेण्याची चांगली सवय आहे. खाली एक हसरा चेहरा. तरुण भला होता, हे विष प्यायल्याचं बोलणं आहे असा अर्थ मी सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. “सर, पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त करतो,” म्हणाला. करेलही.

त्यानंतर तासभर जो वाद झाला त्यानं मात्र माझी झोप उडवली. एक गट म्हणाला, यंत्राला काळीज नसतं, आणि पूर्वीच्या एकत्र कुटुंबात असले रोगच नव्हते. दुसरा म्हणाला, डॉक्टर मिळतात कुठं, नाही त्यापेक्षा हे बरं. तिसऱ्यानं (आमच्या भागात हा तिसरा असतोच) भाषेचा मुद्दा काढला: ॲपचं मराठी अशुद्ध आहे, हा सीमावासीयांवर अन्याय आहे, आधी मराठी सुधारा मग बोलू. लगेच कन्नड बाजूचा आवाज चढला. मशीन राहिलं बाजूला आणि आम्ही सगळे सीमावादाच्या १९५६ सालात जाऊन पोचलो.

तिन्ही बाजू भलत्याच प्रश्नाला उत्तर देत होत्या. काळीज आहे का, हे मी गोळ्यांच्या पाकिटालाही विचारत नाही. बॅच नंबर काय, बनवलं कुणी, अपाय झाला तर कळवायचं कुणाला, हे विचारतो. आपोआप चालणाऱ्या मानसोपचारालाही हेच विचारायला हवं, आणि वर आणखी एक: मशीनला झेपत नाही त्या क्षणी, पोरगं बोलतंय त्याच भाषेत फोन उचलणारं माणूस कोण? नावानिशी. याचं उत्तर नसेल तर हे साधन आपल्या मुलांच्या हातात देऊ नये, फुकट मिळालं तरी.

समोरच्यांचं जे खरं आहे ते आधी मान्य करतो, कारण ते थोडंथोडकं नाही. बंगळूरच्या ‘निमहान्स’ या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या २०१५-१६ च्या पाहणीत १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक विकार असल्याचं दिसलं, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. मनोविकारतज्ज्ञ लाखामागे एकही पडत नाही. कणकुंबीच्या माणसानं डॉक्टर गाठायचा तर आधी खानापूर, मग बेळगाव नाहीतर धारवाड. दिवसाची मजुरी गेली ती वेगळीच. धारवाडला वेड्यांचं इस्पितळ १८४५ पासून आहे. ‘त्याला धारवाडला नेलंय’ एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. गावाचं नावच निदान होऊन बसलंय. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईनं मनातलं कुणाला सांगावं? शेजारणीला सांगितलं तर दिवेलागणीपर्यंत गल्लीभर होणार. मशीन चहाडी करत नाही, कंटाळत नाही, ‘तुला काय कमी आहे’ असं विचारत नाही. घबराटीच्या गोळ्यांची चिठ्ठी पुढं करण्याआधी दुकान रिकामं व्हायची वाट बघणारी माणसं मी रोज बघतो. त्यांना रात्री दोन वाजता न लाजता चार ओळी लिहिता आल्या तर त्याची किंमत मला कळते.

आणि माणूस म्हणजे सुरक्षित, असंही कुणी सांगू नये. तमिळनाडूतल्या एरवाडीत ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली तेव्हा २८ मनोरुग्ण जागच्या जागी जळून गेले, कारण त्यांना साखळदंडानं बांधून ठेवलं होतं. बांधणारी माणसंच होती. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्यांना तर त्यांच्याच गावातल्या जुन्या विहिरींच्या गोष्टी कुणी सांगितलेल्या दिसत नाहीत.

पुरावाही आहे. अमेरिकेतल्या डार्टमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘थेराबॉट’ या मानसोपचार करणाऱ्या चॅटबॉटची चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध केली, ते वापरणाऱ्यांची नैराश्याची लक्षणं सरासरी ५१ टक्क्यांनी उतरली. चांगल्या गोळीलाही हेवा वाटावा असा आकडा. प्रस्तावाच्या कागदावर तो ठळक छापला होता.

छापली नव्हती ती गोष्ट अशी, की त्या चाचणीत माणसं मागे बसून संवाद वाचत होती आणि धोका दिसला की स्वतः संपर्क साधत होती. म्हणजे गुण आला तो मशीन अधिक माणूस या जोडीला. आम्हाला देऊ केलं होतं त्यात माणूस वजा. दोन औषधांच्या मिश्रणाची चाचणी घ्यायची, आकडा मिश्रणाचा छापायचा आणि बाटलीत एकच औषध भरून विकायचं, असं माझ्या धंद्यात कुणी केलं तर ड्रग इन्स्पेक्टर दुकानाला कुलूप घालून जाईल.

‘नाही त्यापेक्षा बरं’ हे वाक्यही वाटतं तितकं निरागस नाही. ज्याला ‘नाही’ म्हणतात ते कधी कधी आधी तयार केलेलं असतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशननं माणसांची हेल्पलाइन गुंडाळायला घेतली आणि लोकांना ‘टेसा’ नावाच्या चॅटबॉटकडे वळवलं. उपाशी राहण्याच्या आजारानं खंगलेल्या माणसांना टेसा कॅलरी कमी करायचे, वजन उतरवायचे सल्ले देऊ लागली. बोभाटा झाल्यावर तीही बंद केली. हाती काय उरलं? आपल्याकडे एकदा कॉलेजनं ॲप घेतलं की पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात समुपदेशकाची जागा कोण मागणार आहे? ‘ॲप आहे की,’ म्हणतील.

मुलांना ते आवडतं, हा आणखी एक दाखला दिला जातो. आवडणारच. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा प्रोग्राम लिहिला. तुमचंच वाक्य उलटवून प्रश्न करायचा, एवढीच त्याची अक्कल. ‘मला आईचा राग येतो’ म्हटलं की ‘तुम्हाला आईचा राग येतो?’ त्यांच्या सेक्रेटरीनं हे काम होताना महिनोन्‌महिने पाहिलं होतं, आत काही नाही हे तिला ठाऊक होतं. तरी थोडा वेळ बोलल्यावर तिनं साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं. वायझेनबाउम त्यानं इतके हादरले की पुढचं आयुष्य ते या भुलीविरुद्ध लिहीत-बोलत राहिले. विश्वास यंत्र कमावत नाही, एकटं माणूस तो आपणहून टाकतं. गिऱ्हाईक खूश आहे यावरून औषध बरं ठरवायचं तर स्टेरॉइड हे जगातलं सर्वांत चांगलं औषध म्हणावं लागेल. भूक लागते, अंग भरतं, दुखणं पळतं. चार महिन्यांनी काय होतं ते मला ठाऊक आहे.

खूश ठेवण्याची ही ओढ आजच्या मशीनमध्ये तर मुरलेलीच आहे. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआय कंपनीला चॅटजीपीटीचं एक अपडेट मागे घ्यावं लागलं, कारण ते जो तो म्हणेल त्याला मान डोलावत होतं. आमच्याकडच्या एखाद्या पोराच्या डोक्यात बसलं की भावकीनं आपल्यावर करणी केलीय, आणि रोज रात्री कुणी त्याला ‘तुमच्या भावना अगदी योग्य आहेत’ म्हणत राहिलं, तर? चांगला डॉक्टर तिथं वाद घालत नाही आणि मानही डोलावत नाही; विषय जेवणाखाण्यावर, झोपेवर नेतो आणि पुढच्या खेपेला घरच्या कुणाला तरी घेऊन ये म्हणतो. ही धोक्याची संभाषणं विरळा असतात असं समजू नका. त्याच कंपनीनं ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतः सांगितलं की आठवड्याच्या वापरकर्त्यांपैकी ०.१५ टक्के लोकांच्या बोलण्यात आत्महत्येच्या बेताची स्पष्ट चिन्हं दिसतात. ८० कोटींमध्ये ०.१५ टक्के म्हणजे १२ लाख माणसं. दर आठवड्याला.

बॅच नंबरचा माझा हट्ट दुकानदारी वाटेल, म्हणून एक जुनी हकिकत सांगतो. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत बेळगावकर रोज सकाळी पाय मोकळे करतात. देवीची लस तिथं बनत असे, हे त्यांतल्या किती जणांना आठवतं कोण जाणे. लसीवर लोकांचा विश्वास बसायला आणि उडायला किती लागतं याचा धडा देशाला १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवालनं दिला. तिथं १०७ जणांना शास्त्रज्ञ हाफकिन यांची प्लेगची लस टोचली, त्यांतले १९ जण धनुर्वातानं गेले. गहजब झाला, हाफकिन यांची नोकरी गेली. पण मेलेले सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते आणि त्या बाटलीवर नंबर होता, ५३-एन. नंबर होता म्हणून चौकशी करता आली. दोष प्रयोगशाळेतल्या लसीचा की गावात बाटली उघडताना झालेल्या अस्वच्छतेचा, हे शोधता आलं, आणि १९०७ मध्ये हाफकिन यांच्यावरचा ठपका गेला. नंबर नसता तर एक निर्दोष माणूस बदनाम राहिला असता आणि चांगली लसही गेली असती.

चॅटबॉटला हा नंबर आहे? मंगळवारी बोललेलं मशीन आणि गुरुवारी बोललेलं मशीन एकच होतं का? मधल्या बुधवारी कंपनीनं आत काही बदललं का? कुठल्या मुलाला काय सांगितलं याची नोंद कुणाकडे, ती मागायचा अधिकार कुणाला? माझ्याकडून अल्प्राझोलाम या घबराटीच्या गोळीची एक पट्टी गेली तरी एच-वन रजिस्टरमध्ये रोगी, डॉक्टर, औषध, संख्या लिहावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. दहा गोळ्यांसाठी एवढं. आणि रात्रभर पोराच्या कानाशी बोलणाऱ्यासाठी कोरी पाटी. ‘गोपनीयता’ हे त्यावरचं उत्तर नव्हे. रजिस्टर मी चौकात टांगत नाही.

आता भाषा. तिसऱ्या गटाशी माझं खरं भांडण इथं आहे, कारण मीही त्यांच्यातलाच. जिथं भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त तिथं परिपत्रकं आपल्या भाषेत मिळावीत, यासाठी आपण वर्षानुवर्षं भांडतोय आणि भांडलंच पाहिजे. पण परिपत्रक कळलं नाही तर शेजाऱ्याला विचारता येतं. इथं शुद्ध मराठी मागून काय साधणार? माझ्या दोन वाक्यांना ॲपनं दिलेलं उत्तर व्याकरणाला धरून निर्दोष होतं, एखाद्या पाठ्यपुस्तकात शोभावं असं. फक्त त्याला आमचं मराठी ठाऊक नव्हतं. ‘मेले गं बाई काम करून’ म्हणणारी बाई मरणाच्या वाटेवर नसते. तिचं बोलणं अक्षरशः घेऊन तिच्या दारात पोलिस पाठवलात तर त्या घरात पुन्हा कुणी मन उघडणार नाही. उलट ‘आता कुणाचं देणं राहिलं नाही’ असं शांतपणे म्हणणारा शेतकरी ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. ‘अंगात येतं’ हे यल्लम्माच्या सौंदत्तीच्या वाटेवर वेगळं आणि परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर वेगळं. हे शब्दकोशात सापडत नाही. इंग्रजीतसुद्धा सापडलं नव्हतं: २०१८ मध्ये बीबीसीनं दोन मानसिक आरोग्य ॲपना लहान मुलाच्या तोंडून लैंगिक अत्याचाराची गोष्ट सांगून पाहिली, आणि दोघांनाही ती नीट ओळखता आली नाही. मग घरात मराठी, बाजारात कन्नड, शिव्या दोन्हीत, आणि हे सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करणाऱ्या आपल्या पोरांचं काय? बैठकीत आवाज चढवणाऱ्या माझ्या कन्नड मित्रालाही मी हेच सांगितलं. बंगळुरी कन्नड शिकलेलं मशीन बैलहोंगलच्या म्हाताऱ्याला कुठं ओळखणार? त्यावर तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “माझी पोरगीच मला बंगळूरहून आल्यावर ओळखत नाही.”

मशीन चुकणार, हे गृहीत धरूनच पुढचा प्रश्न येतो, आणि आमच्या भागात तोच सर्वांत अवघड. धोका दिसला की ही ॲपं एक नंबर दाखवतात आणि हात झटकतात. १४४१६ हा ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, चोवीस तास, २० भाषांत. तो आपल्या सगळ्यांना पाठ असायला हवा. पण नुसता नंबर दाखवणं आणि माणूस माणसाच्या हाती सोपवणं यांत अंतर आहे. सीमेवरच्या गावात खिशातलं सिम एका राज्याचं, टॉवर दुसऱ्याचा, बोली तिसरीच. फोन कुठं लागतो? उचलणाऱ्याला उचगाव कुठं आहे ते ठाऊक असतं? सिग्नल नसलेल्या भीमगडच्या जंगलाकडच्या वाड्यांत तर पडद्यावरच्या नंबराचा उपयोग शोभेपुरता. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली जनआरोग्य योजना देऊ केली, तेव्हा ती अडवण्याची भाषा कर्नाटकातून झाली. कोण बरोबर होतं यात मी आज शिरत नाही. दोन सरकारं उपचार देण्याच्या अधिकारावरून भांडतात अशा गावात, मशीननं सोडलेलं पोरगं झेलायचं कुणी, हे आधी लिहून ठेवावं लागतं.

कायदा नाही असंही नाही. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वच्छ लिहिलंय की कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या प्लॅटफॉर्मनी रुग्णाला समुपदेशन करू नये, औषध लिहून देऊ नये. ते नोंदणीकृत डॉक्टरनंच थेट बोलून करायचं. त्याच वर्षापासून उपचारासाठीचं सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणात धरलं जातं. मग ही ॲपं चालतात कशी? ती ‘उपचार’ म्हणतच नाहीत. ‘वेलनेस’ म्हणतात, ‘सोबती’ म्हणतात. तुपाच्या डब्यात वनस्पती विकणारे असेच लेबल बदलत. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यानं ऑगस्ट २०२५ मध्ये यंत्राकडून मानसोपचारावर सरळ बंदीच घातली. मला ती टोकाची वाटते. बंदीनं मुलं थांबत नाहीत, फोन त्यांच्या खिशात आहेच. पण लेबल बदललं म्हणून जबाबदारी टळू नये.

मशीन नकोच असं माझं म्हणणं नाही. ते वेगळ्या जागी बसवा. आपल्याच राज्यात बळ्ळारी जिल्ह्यात १९८५ ते १९९० या काळात निमहान्सनं प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि गावच्या आरोग्यसेवकांना शिकवून मानसिक उपचार जिल्हाभर नेले, आणि १९९६ चा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्यावरच उभा राहिला. चोर्ला घाट उतरलं की गोवा. तिथं ‘संगथ’ संस्थेनं साध्या, डॉक्टर नसलेल्या माणसांना समुपदेशनासाठी तयार केलं, आणि त्याचे गुण २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. या माणसांच्या हाताशी मशीन द्या. आशाताईला कुणाकडे पुन्हा जायचंय याची आठवण करून दे, तिच्या नोंदी लिही, गोळी बंद केलेल्याचं नाव पुढं आण. तिथं ते चुकलं तर चूक आधी आशाताईला दिसेल, आणि ‘औषध घेतलं’ म्हणजे काय ते तिला शिकवावं लागत नाही.

बैठकीच्या शेवटी आम्ही करारात तीन ओळी घातल्या: प्रत्येक बदलाचा नंबर आणि तारीख कॉलेजला कळवायची, अपायाची नोंद सहा महिन्यांनी पालकांपुढं ठेवायची, आणि रात्री दहा ते सकाळी सहा फोन घेणाऱ्या मराठी व कन्नड बोलणाऱ्या माणसांची नावं द्यायची. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीवर कंपनीचं पत्र आलंय, रात्रपाळीला माणूस ठेवणं परवडत नाही. किती परवडत नाही, तो आकडा मी लेखी मागवला आहे.